दंडाच्या पाच पावत्या आणि एक वही

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात दाराशेजारी खिळ्याला एक लांबट वही अडकवलेली असते. अलार्म कधी वाजला, कुठल्या झोनमधून (म्हणजे कारखान्याच्या कुठल्या भागातून) वाजला, का वाजला आणि कोणी बंद केला, एवढंच तिच्यात लिहायचं. अलार्मच्या सगळ्या सामानात सर्वांत कामाची वस्तू ही वही ठरेल असं चार वर्षांपूर्वी कोणी म्हटलं असतं, तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

हा अभिप्राय अलार्मच्या देखभाल आणि मॉनिटरिंग सेवेचा आहे (मॉनिटरिंग म्हणजे अलार्म वाजला की तो कंपनीच्या केंद्रात कळतो आणि तिथून पुढे कळवतात). पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा कुठे कापला आणि एक पूर्ण तारा कुठे, ते पुढे येईलच. पण आधी त्यांच्याअगोदरच्या मंडळींबद्दल बोलावं लागेल, कारण दुखणं तिथून सुरू झालं.

सिस्टीम बसवली ती एका स्वस्तातल्या ठेकेदाराने. अकरा स्मोक डिटेक्टर, चार मोशन सेन्सर, तीन दारांना मॅग्नेट (दार हललं की कळवणारे), दोन लाल डबे (काच दाबायचे, ज्यांना ते लोक कॉल पॉइंट म्हणतात), एक पॅनेल (सगळं ज्याला जोडलेलं असतं तो मुख्य डबा) आणि बाहेर एक हूटर. एका दिवसात काम संपवलं. मला वाटलं, काय चपळ माणसं आहेत. आता कळतं की अकरा डिटेक्टर एका दिवसात लागतात ते छताकडे बघून, खाली काय काम चालतं ते न बघता.

पहिल्या वर्षात नऊ फॉल्स अलार्म झाले. आमच्याकडच्या नियमावलीप्रमाणे अलार्मची नोंदणी करावी लागते, आणि चोरीचे नि आगीचे अलार्म वेगळे मोजतात. बारा महिन्यांत पहिले दोन माफ, तिसऱ्यापासून दंड, आणि दंड दर वेळी चढता. चोरीच्या बाजूला सहा झाले की पोलीस त्या नोंदणी क्रमांकाच्या अलार्मवर येणंच थांबवतात. आमचे चोरीचे पाच, आगीचे चार. म्हणजे दंडाच्या पावत्या पाच, आणि एक पत्र, ज्यात अत्यंत सभ्य भाषेत लिहिलं होतं की आणखी एक झाला तर तुमचं तुम्ही बघा.

मी भडकले होते. कर भरायचा, अलार्म स्वतःच्या खर्चाने बसवायचा, आणि वर त्याच्या आवाजाचा दंडही आपणच भरायचा! भावजी शांत माणूस. ते म्हणाले, "वहिनी, रोज मरे त्याला कोण रडे. नवव्यांदा यायचं म्हणजे त्यांना तरी किती उत्साह असणार?" मला ते तेव्हा अजिबात आवडलं नाही.

पुढे मी या विषयात बरंच वाचत बसले (रागाचा हा एक फायदा असतो) आणि लक्षात आलं की सगळीकडे हीच रड आहे. अमेरिकेच्या न्याय विभागाने पोलिसांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत म्हटलंय की चोरीच्या अलार्मवर पोलीस धावतात, त्यांतले 94 ते 98 टक्के फॉल्स निघतात. सॉल्ट लेक सिटीने 2000 सालच्या अखेरीस सरळ ठरवून टाकलं की आधी कोणीतरी जागेवर जाऊन किंवा कॅमेऱ्यात बघून खात्री करायची, मगच पोलीस येतील. पोलिसांवरचा अलार्मचा भार वर्षभरात जवळजवळ नव्वद टक्क्यांनी उतरला. ब्रिटनमध्ये पोलीस प्रत्येक मॉनिटर्ड अलार्मला स्वतंत्र क्रमांक देतात, आणि बारा महिन्यांत तीन फॉल्स झाले की तत्काळ प्रतिसाद काढून घेतात. तिथल्या हिशेबाने आम्ही दुप्पट उदार नियमावलीत राहतोय, हे वाचून माझा राग निम्म्यावर आला.

आगीच्या बाजूची गोष्ट जास्त नाजूक. स्कॉटलंडच्या अग्निशमन दलाने 1 जुलै 2023 पासून व्यावसायिक इमारतींमधल्या नुसत्या आपोआप वाजलेल्या अलार्मवर गाडी पाठवणं बंद केलं. आधी आग असल्याची खात्री करून फोन करा, मग येतो. रुग्णालयं, वृद्धांची निवासस्थानं, हॉटेलं, थोडक्यात जिथे माणसं झोपतात त्या जागा यातून वगळल्या. लंडनच्या दलानेही ऑक्टोबर 2024 मध्ये दिवसाच्या वेळेपुरता तसाच नियम केला. हे वाचताना मी कारखान्यातले कागदाचे गठ्ठे डोळ्यांपुढे आणले. आमच्याकडे रात्री माणूस नसतो. खात्री कोण करणार? चोरी झाली तर माल जाईल. आगीत मात्र भिंतीसुद्धा जातील.

आता दंडाचा सगळ्यांत वाईट परिणाम सांगते, आणि यात दोष माझाच आहे. चौथ्या आगीच्या अलार्मनंतर मी चिडून सगळ्यांसमोर म्हणाले, "यापुढे वाजला तर दंड तुमच्या पगारातून." अर्थात कापणार नव्हते. पण आमचे मुकादम काका जुन्या वळणाचे, त्यांनी ते मनावर घेतलं. कटिंग मशीनवरच्या डिटेक्टरला त्यांनी प्लास्टिकची पिशवी चढवली आणि वरून रबर बँड लावला. अगदी नीटनेटकं काम, बाइंडरचा हात. दोन महिने ती पिशवी तिथे होती आणि मला पत्ता नव्हता. माझ्या डोक्यावर, रोज.

ती पिशवी शोधली नव्या कंपनीच्या तंत्रज्ञाने, पहिल्याच भेटीत. पंचविशीतला मुलगा. आल्यावर त्याने शिडी मागितली नाही, आधी वर बघत सबंध कारखाना चालून आला. कटिंग मशीनपाशी थांबला, पिशवीकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, फार वाजत होता ना हा?" रागावला नाही. काकांनीच मग स्वतःहून पिशवी काढली. तिथेच मी मनात कंपनी पक्की केली. करारावर सही नंतर झाली.

मग तो पॅनेलपुढे खुर्ची घेऊन बसला आणि दोन तास नुसता लॉग वाचत राहिला. पॅनेल प्रत्येक घटना तारीख-वेळेसकट साठवून ठेवतं, हे मला माहीतच नव्हतं. आधीच्या ठेकेदाराने नऊ वेळा येऊन नऊ वेळा रीसेट दाबलं होतं, एकदाही हे पान उघडलं नव्हतं. मुलाने मागच्या पावत्यांच्या तारखा मागितल्या, लॉगशी जुळवल्या आणि नऊच्या नऊ प्रसंगांची कारणं एका कागदावर लिहून दिली.

गोदामातल्या मोशन सेन्सरने तीनदा गोंधळ घातला होता. हे सेन्सर उष्णतेची हालचाल ओळखतात, माणूस समोरून सरकला की त्याच्या अंगाच्या उष्णतेचा पट्टा एका भागातून दुसऱ्या भागात जातो, तो फरक ते पकडतात. आमचा सेन्सर एग्झॉस्ट पंख्यासमोर होता आणि मध्ये लॅमिनेशनच्या प्लास्टिकच्या पट्ट्या टांगलेल्या. संध्याकाळचं ऊन, गरम हवा आणि हलत्या पट्ट्या, म्हणजे त्याच्या दृष्टीने जत्राच. आणखी दोन वेळा माणसांची चूक: अलार्म लावून बाहेर पडायला फक्त तीस सेकंद ठेवलेली, आणि आमच्या मागच्या शटरला कुलूप घालायलाच तेवढा वेळ जातो.

आगीचे तीन त्या कटिंग मशीनवरच्या डिटेक्टरचे. त्याने तो उघडून टॉर्चच्या उजेडात आतला भाग दाखवला. आत एक काळोखी कप्पा असतो, एका बाजूला छोटा दिवा, दुसरीकडे प्रकाश टिपणारा डोळा, पण सरळ रेषेत नव्हे. एरवी उजेड डोळ्यापर्यंत पोचत नाही. धूर शिरला की त्याच्या कणांवरून उजेड विखुरतो आणि डोळ्याला दिसतो. कागदाच्या बारीक भुशाचंही तेच होतं, त्याला धूर नि भुसा यांतला भेद कळणार कसा? कप्प्यात राखाडी लोकरीसारखा थर बसला होता. आणि नववा अलार्म? कोळी. एक बारकासा कोळी कप्प्यात संसार थाटून बसला होता. त्याच्यापायी मी चढता दंड भरला.

दुरुस्त्या त्याने फार खर्चिक सुचवल्या नाहीत. गोदामातला सेन्सर काढून दुसऱ्या भिंतीवर दोन पद्धतींनी बघणारा बसवला: उष्णता आणि मायक्रोवेव्ह, दोन्हींना माणूस दिसला तरच वाजणारा. बाहेर पडायची वेळ साठ सेकंद केली. अलार्म वाजल्यावर तो बाहेर कळवण्याआधी तीस सेकंद थांबायचं, म्हणजे आपलाच माणूस चुकला असेल तर कोड टाकून मागे घेता येतं. एकच सेन्सर एका रात्रीत दोनदा ओरडला की तिसऱ्यांदा त्याचं ऐकायचं नाही, हाही एक बदल. नवा सेन्सर सोडला तर बाकीचं सगळं पॅनेलमध्ये पहिल्यापासून होतं. अमेरिकेत फॉल्स अलार्म कमी करण्यासाठी पॅनेल बनवणाऱ्यांकरता सीपी-01 नावाचं मानक आहे, त्यात हेच लिहिलेलं असतं. आधीच्या ठेकेदाराने फक्त ते चालू केलं नव्हतं.

कटिंग मशीनवर मात्र आमचा वाद झाला. तो म्हणाला, इथे उष्णतेचा डिटेक्टर लावू, साधारण 57 अंशांना किंवा तापमान झपाट्याने चढायला लागलं तर वाजेल, भुशाने नाही. मी म्हटलं, "अरे, कागद आधी धुमसतो, मग पेटतो. 57 अंशांची वाट बघायची?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "बरोबर आहे, ताई." शेवटी मशीनवर उष्णतेचा लागला आणि थोड्या अंतरावर, जिथे भुसा पोचत नाही तिथे, धूर आणि उष्णता दोन्ही बघणारा. गिऱ्हाइकाचं ऐकून स्वतःचा आराखडा बदलणारा तंत्रज्ञ मी पहिल्यांदा पाहिला.

हूटरचा आवाजही बदलला. आधी चोर असो की आग, तोच एकसुरी भोंगा, त्यामुळे वाजला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. आता आगीला तीन ठोके, थोडा विराम, पुन्हा तीन ठोके. ही तीन ठोक्यांची पद्धत आयएसओ 8201 या आंतरराष्ट्रीय मानकातली आहे. चोरीला सलग आवाज. तीन ठोके ऐकले की हातातला फर्मा (छापील पानांची घडी) टाकून बाहेर, एवढं आता नवशिक्या पोरालाही कळतं.

आणि वही. ती त्यानेच लावली. नियमावलीत नोंद ठेवा असं लिहिलेलं आहे, पण आम्ही कधी ठेवली नव्हती. पहिली ओळ काकांनी स्वतःच्या हाताने लिहिली: "पिशवी काढली."

आता मॉनिटरिंगबद्दल. अलार्म आला की त्यांच्या केंद्रातून आधी माझ्या फोनवर कॉल, मी उचलला नाही तर भावजींच्या, आणि दोघांशीही बोलणं झालं नाही तरच पोलिसांना. दोन कॉल करण्याची ही पद्धत अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी कायद्यानेच सक्तीची आहे. आगीच्या अलार्मला मात्र हा फाटा नाही, तो थेट पुढे जातो. हा फरक मला योग्य वाटतो.

एका रात्री दोन वाजता फोन आला. मागच्या शटरचा मॅग्नेट. मला झोपेतही कळलं की वाऱ्याने शटर हललं असणार, संध्याकाळी कडी नीट बसलेली नव्हती. पलीकडून मुलगी म्हणाली, "मॅडम, परवलीचा शब्द सांगा." मी सांगितला. "मॅडम, हा नाही." दुसरा सांगितला. "हाही नाही." मी म्हटलं, अगं, मी मालकीण आहे, तू माझ्याच फोनवर कॉल केलायस. ती अजिबात हलली नाही. "चोर तुमच्या उशाशी बसून तुमच्याकडून हे बोलवून घेत नसेल कशावरून?" असं ती अर्थातच म्हणाली नाही, पण तिच्या आवाजात ते होतं. भावजींचा फोन बंद. पोलीस आले, कडी बघितली, वहीत सही केली, गेले. सकाळी शब्द आठवला. मीच ठेवलेला, माझ्या आजोळच्या विहिरीचं नाव.

त्या रात्री मी त्या मुलीला मनात भरपूर बोलून घेतलं. नंतर तक्रार लिहायला बसले आणि लिहिता लिहिता थांबले, कारण तिने केलं ते तंतोतंत बरोबर होतं. तो त्या वर्षातला पहिला फॉल्स. दुसरा, ट्रॉलीचा कोपरा लाल डब्याला लागून काच दाबली गेली तेव्हा. दोन्ही माफ. पुढचं अख्खं वर्ष वहीत चाचणीखेरीज काही नाही.

आता तारे का कापले ते. अर्धा तारा त्यांच्या मोबाइल ॲपसाठी. शटर उघडलं, शटर बंद झालं, अमुकने अलार्म काढला, तमुकने लावला, दिवसभर टिंगटिंग. खरं काही घडलं तर ती सूचना या गर्दीत बुडून जाईल. फॉल्स अलार्म कमी करायला नेमलेल्या कंपनीने खिशात नवा फॉल्स अलार्म आणून ठेवावा, हे मला पटत नाही. सूचना कमी करता येतात असं म्हणतात, मला अजून तो पर्याय सापडलेला नाही आणि भावजींनाही नाही.

पूर्ण तारा बॅटरीसाठी. वीज गेल्यावर पॅनेल चालतं ते त्याच्या बॅटरीवर, आणि तिचं आयुष्य संपत आलंय हे त्यांच्याच तपासणीत निघालं. बदलायला सतरा दिवस लावले. रोज फोन, रोज "उद्या येईल". तोवर पॅनेलचा पिवळा दिवा मला ताटकळत ठेवलेल्या पाहुण्यासारखा बघत बसायचा. सहामाही तपासणी मात्र वेळेवर, प्रत्येक डिटेक्टर प्रत्यक्ष धूर सोडून, शेवटच्यापर्यंत. पूर्वीचा माणूस दोन तपासून अकरांची सही घ्यायचा.

त्यांच्या मासिक अहवालाची भाषा इतकी भयंकर आहे की तो मी वाचत नाही, वहीच वाचते.

यंदा एक प्रसंग झाला, त्यावरून सेवेची खरी पारख झाली. संध्याकाळी पावणेसातला परफेक्ट बाइंडिंगच्या (पुस्तकाची पाठ गरम ग्लूने चिकटवायच्या) मशीनचा ग्लूचा पॉट कोणीतरी चालू ठेवून गेलं. थर्मोस्टॅट अडकला, ग्लू करपायला लागला, धूर झाला. तो नवा दोन्ही बघणारा डिटेक्टर वाजला, तीन ठोके. मी ऑफिसात होते, जाऊन पॉट बंद केला, तेवढ्यात बंब आलाच. ज्वाळा नाही, नुसता वास आणि काळी पडलेली मशीनची कड. अग्निशमन दलाच्या अहवालात लिहिलं गेलं: आग आढळली नाही. पुढच्या पंधरवड्यात फॉल्स अलार्मची नोटीस हातात.

आता याला फॉल्स म्हणायचं? पैशांचा प्रश्न नव्हताच, वर्षातला पहिलाच होता, माफच झाला असता. पण मला ते पटेना. डिटेक्टर बसवतात तो ज्वाळा दिसण्याआधी वाजावा म्हणूनच ना? तो वेळेवर वाजला, म्हणून आग आढळली नाही. आणि त्याची नोंद खोटारडा म्हणून व्हायची! नियमावलीत अपिलाची सोय आहे, मुदत छोटी. मी तंत्रज्ञाला फोन केला. त्याने त्याच दिवशी पॅनेलचा लॉग छापून दिला: धुराची पातळी कशी मिनिटामिनिटाने चढत गेली, आधी पूर्वसूचना, मग अलार्म. कोळी नि भुसा असे मिनिटामिनिटाने चढत नाहीत, हेही त्याने कागदावर आखून दाखवलं. वर वहीची पानं, करपलेल्या थर्मोस्टॅटचा फोटो.

सुनावणीला समोर बसलेल्या बाई लॉग बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "असे कागद कोणी आणत नाही." नोंद बदलली. आता तिथे "उपकरणातील बिघाडामुळे प्रत्यक्ष धूर" असं लिहिलंय.

त्यांना मी एक गोष्ट सांगून आले, जी इथेही सांगते. दंड नेहमी जागेच्या मालकाला होतो. ज्याने डिटेक्टर भुशावर टांगला, पंख्यासमोर सेन्सर लावला, लॉग कधी उघडला नाही, त्याच्या नावावर एकही पावती फाटत नाही. त्याची नोंद कुठेतरी व्हायला हवी, निदान त्याने बसवलेल्या अलार्मपैकी किती वाजतात, एवढी तरी. बाईंनी लिहून घेतलं. पुढे काय झालं ते माहीत नाही.

तुम्ही धूळ, भुसा, वाफ किंवा गरम पॉट असलेल्या जागेत काम करत असाल, तर ही सेवा घ्या, पण करारात बॅटरी किती दिवसांत बदलणार ते लिहून घ्या. छोट्या ऑफिसला ही सेवा जड पडेल, तिथे वर्षातून दोनदा येणारा एखादा प्रामाणिक माणूस पुरतो. कोणालाही बोलावलंत तरी पहिल्या भेटीत तो आधी लॉग मागतो की आधी शिडी, तेवढं बघा.

कालची नोंद काकांच्या अक्षरात आहे: "सकाळी 10.20. झोन 4. चाचणी. तीन ठोके ऐकू आले. सगळे बाहेर. नवीन मुलगा चहाचा कप घेऊन बाहेर आला, त्याला सांगितलं."